पश्चिमेची दोरी

लग्नाला गेलं की लोक नवरीचे दागिने बघतात, जेवणात काय आहे ते बघतात. मी आधी खुंटे बघते. जमिनीत किती गेलेत, दोरी कुठल्या अंगानं ताणली आहे, कनातींमधून माणसांना बाहेर पडायला वाट ठेवली आहे की नाही. ते धड नसेल तर मी आहेर देऊन न जेवता घरी येते. माझी मुलगी म्हणते, "आई, लोग बुरा मान जाते हैं." मानू देत. उपाशी माणूस दुसऱ्या दिवशी जेवतो. डोक्यात पाइप पडलेल्याचं तसं नसतं.

लखनौत कानपूर रोडला, सरोजिनी नगरात आमचं टेंट हाउस आहे. सासरे भुसावळहून रेल्वेत फिटर म्हणून चारबाग स्टेशनला आले आणि इथलेच झाले. नवऱ्याला रेल्वेनं घेतलं नाही, म्हणून त्यानं तंबूचा धंदा काढला. मी चौथी शिकलेली. लग्न होऊन आले तेव्हा हिंदीत फक्त "अच्छा" म्हणता यायचं. गोदामात फाटलेल्या कनाती शिवायला बसायचे. पुढं नवऱ्याचा पाय गेला आणि मला कारागिरांच्या डोक्यावर जाऊन उभं राहावं लागलं. इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी दिवाळी अंकासाठी लिहून मागितलं, म्हणाले तुमच्या धंद्याबद्दल लिहा. धंद्यात झालर लावणं, गाद्या मोजणं हे सगळं येतं, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे आंधी.

महाराष्ट्रातल्या लोकांना वळीव माहीत असतो. आंधी त्याची थोरली बहीण, आणि स्वभावानं वाईट. चैत्र सरत आला की सुरू होते ती ज्येष्ठापर्यंत. दुपारभर वारा पडलेला असतो, पिंपळाचं पानसुद्धा हलत नाही, घारी खाली येऊन फिरायला लागतात. मग पश्चिमेला आभाळाच्या तळाशी तांबूस मातकट पट्टा दिसतो. तो दिसला की उशीर झालेला असतो. आधी नुसता वारा आणि धूळ, त्यामागून पाऊस, कधी गारा. आली तशी निघूनही जाते. पण मधल्या वेळात ती झाडं पाडते, पत्रे उडवते, आणि शामियान्यात माणसं बसलेली असली तर त्यांचं काय करते ते सांगायला नको.

आता गंमत अशी की इकडे लग्नाच्या तिथींच्या हंगामाला सहालग म्हणतात आणि वसंतातली सहालग नेमकी याच दिवसांत पडते. म्हणजे ज्या दिवसांत उघड्यावर कापड ताणूच नये, त्याच दिवसांत सगळं लखनौ उघड्यावर कापड ताणतं. आमचं पोट त्यावरच चालतं, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार.

शामियाना पडतो कसा ते साध्या शब्दांत सांगते. वर छताचं कापड, ते उंच बल्ल्यांवर, म्हणजे लाकडी खांबांवर, ताणलेलं. चारी बाजूंनी कनाती, म्हणजे कापडाच्या भिंती. गिऱ्हाइकाला धूळ नको असते, म्हणून वारा सुटला की तो ओरडतो, "कनातें बंद करो!" सगळ्यात मोठी चूक हीच. चारी बाजू बंद केल्या की वारा कुठल्या तरी फटीतून आत शिरतो, त्याला बाहेर जायला वाट मिळत नाही, आणि तो छतच उचलतो. बल्ल्या खुंट्यांसकट वर येतात. खाली येताना त्या कुठं येतील हे त्यांनाही माहीत नसतं.

म्हणून आंधी येणार असं कळलं की आधी हलवायाची भट्टी विझवायची, जनरेटर बंद करायचा. मग माणसं बाहेर. मग कनाती सोडायच्या. आणि शेवटी छत उतरवायचं, पण पश्चिमेची कड आधी. पश्चिमेची कड जमिनीला टेकली की वारा कापडावरून निघून जातो. कुणी घाबरून पूर्वेची आधी सोडली तर शामियान्याची पिशवी होते आणि मग ती पिशवी आणि वारा, तुमचं तिथं काही काम उरत नाही.

हे सगळं करायला आंधी येते आहे हे आधी कळलं पाहिजे. आता सकाळी मोबाईलवर हवामान खात्याचा इशारा येतो, तो मी रोज मुलीकडून वाचून घेते. तो सांगतो की आज तयारीत राहा. चांगलं काम करतात ते लोक. पण एवढा मोठा जिल्हा, आंधी यातून नेमकी कुठून जाणार हे सकाळी कोण सांगणार? त्यासाठी आमची वेगळी व्यवस्था होती. आंधी बहुतेक वेळा कानपूरच्या अंगानं येते. त्या रस्त्यावर उन्नाव लागतं, पुढं नवाबगंज, मग बंथरा, मग आम्ही. प्रत्येक ठिकाणी टेंटवाला आहेच. एरवी आम्ही एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायचो, पण आंधीचा निरोप कुणी दाबायचा नाही असं ठरलेलं होतं. मोबाईल नव्हते तेव्हा उन्नावचा नफीस भाई पीसीओवर जाऊन फोन करायचा. बोलणं एवढंच, "चाची, चल दी." मी बंथऱ्याला कळवायचं कारण नव्हतं, तो तिथून स्वतःच ओरडत असायचा. मी पुढं शहरात फोन करायचे.

कधी आंधी उन्नावहून निघायची आणि मध्येच हरदोईकडे वळायची. तेव्हा मी भरल्या लग्नात छत उतरवलेलं असायचं आणि वर आभाळ निरभ्र. असं झालं की गिऱ्हाईक जे बोलायचं ते छापण्यासारखं नसायचं. बाजारात माझं नाव पडलं होतं, "तूफान चाची". एका घरी तर नवरीची आजी माझ्या आधीच अंगणात येऊन बसली होती. आंधी अडवायला इकडे लोखंडी तवा अंगणात पालथा टाकतात. आजीनं हलवायाचा मोठा तवा उचलून पालथा टाकला. हलवाई म्हणाला, "अम्मा, आँधी तो रुक जाएगी, टिक्की काहे पे सेंकूँ?" त्या दिवशी आंधी खरंच वळली. आजी मला सगळ्यांसमोर म्हणाली, "देख लिया? तुम बाँस उखाड़ती हो, हम तवा धरते हैं." मी म्हटलं, पुढच्या वेळी तवा तुमच्याकडूनच भाड्यानं नेईन. ती हसली नाही.

नवऱ्याच्या पायाचं सांगायचं राहिलं. तेव्हा धंदा तोच बघायचा. बंथऱ्याजवळ एक लग्न होतं. निरोप वेळेवर आला. नवऱ्यानं मुलीच्या बापाला सांगितलं, छत उतरवतो. मुलीचा बाप म्हणाला, लड़केवालों से पूछना पड़ेगा. मुलाचा बाप म्हणाला, जीजाजी से पूछना पड़ेगा. जीजाजी म्हणाले, हमारी बारात क्या खुले आसमान के नीचे बैठेगी? विचारण्यातच वेळ गेला. आंधी आली तेव्हा माणसं बऱ्यापैकी निघाली होती, पण नवरा एका म्हाताऱ्या बाईला बाहेर ढकलत होता आणि बल्ली त्याच्या मांडीवर आली. बाई वाचली. पाय राहिला, पण चालण्यापुरता राहिला नाही.

त्यावर मी फार वर्षं विचार केला. आंधीचा निरोप आम्हाला मिळत होता, दोऱ्या कशा सोडायच्या ते येत होतं. अडत होतं ते माणसांत. मुलीकडचे मुलाकडच्यांना भितात. मुलाकडचे आपल्या मानकऱ्याला भितात. हा मानकरी म्हणजे फूफा, मुलाच्या आत्याचा नवरा. आपल्याकडे जावई रुसतो ना, तसा इथं फूफा रुसतो. प्रत्येक लग्नात एक फूफा रुसलेला असतोच. पूर्वी तो या घरचा लाडका जावई असतो, पुढं नवे जावई येतात आणि त्याला कुणी विचारीनासं होतं, म्हणून तो लग्नाची वाट बघत असतो. त्याला विचारल्याशिवाय काही हलवलं की तो बारात परत न्यायची भाषा करतो.

आता दातार साहेबांच्या मुलीच्या लग्नाकडे येते.

दातार साहेब रेल्वेत इंजिनियर. नागपूरचे, बदली होऊन इथं आलेले. घर वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत. एकुलत्या मुलीनं ऑफिसातला लखनौचा मुलगा पसंत केला होता, मिश्रांचा. मुलगा चांगला, त्याचे आईबाप चांगले. पण मराठी मुलीशी लग्न ठरलं म्हणून फूफाजी आधीच गाल फुगवून बसले होते. त्यात दातार साहेबांच्या आईनं हट्ट धरला, लग्न गोरज मुहूर्तावरच लागेल. इकडे लग्नं रात्री लागतात. फूफाजी बैठकीतच म्हणाले होते, "शाम को? ये ब्याह है कि चाय-पार्टी?"

मला गोरज मुहूर्त कळला तेव्हा मी आधी महिना विचारला. वैशाखातली संध्याकाळ म्हणजे आंधीची येण्याची वेळ. रात्रीच्या लग्नात निदान आंधी होऊन गेलेली असते. इथं ती नेमकी अंतरपाट धरताना येणार. मी दातार साहेबांना तोंडावर सांगितलं, "साहेब, मुहूर्त वाईट आहे."

ते म्हणाले, "अहो काकू, आईनं पंचांग बघून काढलाय."

"पंचांगात वारा लिहिलेला नसतो."

ते हसले. पण माणूस ऐकणारा होता. विचारलं, "मग काय करता येईल?"

मी म्हटलं, "जिथं शामियाना लावायचा, तिथून चालत जाता येईल असं एक पक्कं छत आधी दाखवा. नाहीतर दुसरा टेंटवाला बघा."

घराजवळच्या पार्कात शामियाना लागणार होता, त्याच्यासमोर चार मजली इमारत उभी होती. बांधून झालेली, पण अजून कुणी राहायला आलं नव्हतं. खाली खांबांवर सगळी पार्किंगची जागा मोकळी. साहेबांनी चौकीदाराला बोलावून घेतलं, त्याला विचारून ठेवलं, फाटक उघडं ठेवायला सांगितलं. मी जाऊन झाडून घेतलं. दातार वहिनी म्हणाल्या, "मावशी, तिथं कोण येणारे? उगाच झाडताय." मी झाडतच राहिले. झाडू मारायला पैसे पडत नाहीत.

लग्नाच्या दिवशी सकाळीच इशारा आला होता. दुपारी वारा पडला. मी माझ्या मुख्य कारागिराला, बांकेला, सांगून ठेवलं होतं की कनातींना गाठी मारायच्या नाहीत, ओढले की सुटतील असे सरफासे घालायचे. बांके बिहारचा, अंगानं काटकुळा, बोलणं वाकडं. म्हणाला, "चाची, आज तो हवा भी शरमा रही है." मी म्हटलं, "लाजतेय ना, मग येईल."

बारात वेळेवर येईल अशी मुळीच आशा नव्हती आणि ती आलीही नाही. लोक शामियान्यात भरून बसलेले. नागपूरचे पाहुणे उकाड्यानं हैराण. बँडचा आवाज कोपऱ्यावरून येत होता, म्हणजे बारात नाचत होती, पुढं सरकत नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. उन्नावहून नफीस भाई.

"चाची, चल दी. और सुनो, मज़ाक मत समझना. मेरी दुकान का बोर्ड ले गई."

इतक्या वर्षांत नफीस "चल दी" च्या पुढं एक शब्द बोलला नव्हता. मी सरळ दातार साहेबांकडे गेले. ते दारात हार घेऊन उभे होते.

"साहेब, छत उतरवायचं. आत्ता."

त्यांचा चेहरा पडला. पण त्यांनी पहिला प्रश्न बरोबर विचारला, "वेळ किती लागेल?"

"कापड खाली यायला वेळ लागत नाही. माणसं उठायला लागतो."

ते धावत कोपऱ्यावर गेले. मीही मागोमाग गेले. व्याही घामाघूम झालेले, घोड्याशेजारी उभे. दातार साहेबांनी त्यांना सांगितलं. व्याह्यांनी मान वळवून फूफाजींकडे बघितलं. मला बंथऱ्याचं लग्न आठवलं. तेच सगळं पुन्हा सुरू झालं होतं.

फूफाजी उंच, डोक्याला गुलाबी साफा, मिशा वळवलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वाह! बारात दरवाज़े पर, और शामियाना ज़मीन पर! द्वारचार से पहले तंबू उखड़ा तो समझो रिश्ता उखड़ा. उतारिए साहब, शौक़ से उतारिए. हम यहीं से लौट जाते हैं." द्वारचार म्हणजे मुलीच्या दारात होणारं बारातीचं स्वागत.

बँड थांबला. घोड्यावरचा मुलगा "फूफाजी, प्लीज़ यार" असं काहीतरी पुटपुटला, त्यामुळे ते आणखी भडकले. दातार साहेब हात जोडून उभे. मला दिसत होतं की या माणसाच्या मुलीचं लग्न मोडायच्या बेतात आहे आणि ते वाचवायला तो शामियाना उभा ठेवायला कबूल होईल. कुठल्याही बापानं तेच केलं असतं. आत बसलेल्यांत त्याची आई होती.

मग मी खोटं बोलले. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

मी पुढं झाले आणि म्हटलं, "फूफाजी, आपको किसी ने बताया नहीं? छत आपके हाथ से उतरेगी. हमारे महाराष्ट्र में रिवाज है. गोरज के ब्याह में लड़के के फूफा पच्छिम की रस्सी खोलते हैं. और कोई हाथ नहीं लगा सकता."

फूफाजींच्या मिशा थांबल्या. "फूफा ही?"

"फूफा ही. बाप भी नहीं."

दातार साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मनात म्हटलं, आता हा सरळमार्गी माणूस सगळं घालवणार. पण रेल्वेतला माणूस, सिग्नल ओळखतो. ते गंभीरपणे म्हणाले, "हाँ जी, मान का काम है. हम लोग संकोच में थे कि आपसे कैसे कहें."

"तो पहले कहना था न!" फूफाजी व्याह्यांवर ओरडले. "इनके यहाँ का रिवाज है और हमें यहाँ नचा रहे हैं!"

आपल्याच घरची रीत असती तर तिच्यावर सगळ्यांनी वाद घातला असता. दुसऱ्याच्या घरची रीत म्हटल्यावर कुणाला बोलायला जागा राहिली नाही. नागपूरच्या पाहुण्यांना वाटलं ही इकडची पद्धत आहे, बाराती समजले ही आमची.

बाकीचं मी चालता चालता रचलं. म्हटलं, दोरी सोडताना छताखाली कुणी असायचं नसतं, सगळ्यांनी समोरच्या इमारतीखाली उभं राहून बघायचं. बँड पुढं. बँडवाल्यांना मी हाताला धरूनच वळवलं. बँड जिकडे जातो तिकडे बारात जाते, त्याला सांगावं लागत नाही. आतल्या लोकांना दातार साहेबांनी मराठीत हाक दिली, "चला, चला, सगळे समोर! लहान मुलांना उचला!" त्यांनी स्वतः आईला खुर्चीसकट उचलून नेलं. म्हातारी ओरडत होती, "अरे, मुहूर्त!" वहिनी नवरीला शालूचे काठ सावरत घेऊन पळाल्या. हलवाई भट्टी विझवायला तयार नव्हता, कढईत जिलबी होती. बांकेनं त्याला विचारलं, "जलेबी बचाओगे कि दाढ़ी?" मग विझली. जनरेटर बंद झाला.

आता पश्चिमेला तो पट्टा दिसत होता. पट्टा कसला, भिंत होती.

मी फूफाजींना पश्चिमेच्या मुख्य दोरीपाशी नेलं. ते अगदी ताठ उभे. मला विचारतात, "कोई मंत्र?"

नागपूरहून आलेले गुरुजी अजून तिथंच घुटमळत होते. त्यांना काय चाललंय ते कितपत कळलं होतं देव जाणे, पण त्यांनी खणखणीत आवाजात काहीतरी म्हणायला सुरुवात केली. मला वाटतं ते आंघोळीच्या वेळचं होतं. फूफाजींनी डोळे मिटले, दोरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि फास ओढला. बांके आणि त्याची माणसं बल्ल्या धरून होतीच. म्हैस पाण्यात बसते तशी पश्चिमेची कड अलगद खाली बसली. "अब भागिए," बांके म्हणाला. फूफाजी मान सांभाळत चालायला लागले. तेवढ्यात पहिला झोत आला, त्यांचा साफा गेला, आणि मग तेही पळाले.

पार्किंगमध्ये सगळे खांबांच्या आडोशाला दाटीवाटीनं उभे. बाहेर काहीही दिसत नव्हतं. नुसता आवाज. कुठून तरी एक पत्रा येऊन इमारतीच्या भिंतीला आपटला. शामियान्याचं स्वागतद्वार, लोखंडी पाइपाचं, फुलांनी मढवलेलं, ते उचललं गेलं आणि नवरा-नवरीसाठी ठेवलेल्या सोफ्यावर जाऊन आडवं पडलं. विजेचा लखकन उजेड झाला तेव्हा सगळ्यांनी ते बघितलं. फूफाजी माझ्या शेजारी उभे होते, डोक्यावर साफा नाही, केसांत धूळ. त्यांनी सोफ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाले, "बहनजी, ये रिवाज कितना पुराना है?"

मी म्हटलं, "बहुत."

ते म्हणाले, "लगता है." आणि पुन्हा त्यावर कधी बोलले नाहीत. मूर्ख नव्हता माणूस. त्याला फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं.

लग्न तिथंच लागलं. अंतरपाट वाऱ्यानं एवढा फडफडत होता की दोन्हीकडचे मामा तो धरताना लटकत होते. मुहूर्त टळला की काय म्हणून आजी रडवेल्या झाल्या होत्या. गुरुजी म्हणाले, "आजी, सूर्य दिसतच नाहीये. मावळला की नाही, कुणी सांगावं? लागलं म्हणजे वेळेवर लागलं." अक्षतांच्या बरोबरीनं धूळ होती. मागून पाऊस आला आणि हवा गार झाली. हलवायानं उरल्यासुरल्या सामानातून तहरी केली, म्हणजे इकडची मसालेभाताची बहीण. फूफाजींना पहिलं पान वाढलं. त्यांनी मागून घेऊन खाल्ली.

मी नवऱ्याला फोन केला. तो गोदामात एकटा बसलेला. त्यानं एवढंच विचारलं, "कुणाला लागलं?"

"कुणाला नाही."

"बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. थोड्या वेळानं त्यानंच परत केला. विचारलं, "फूफा होता?" मी म्हटलं, होता. सगळं सांगितलं. तो हसायला लागला. मोठ्यानं हसला, बांकेनं लांबून ऐकलं. मग दोघांच्याही मनात एकच आलं असणार, की ही युक्ती आधी सुचायला हवी होती. पण ते बोलून काय होतं. तो म्हणाला, "आता सगळ्यांना सांग."

सांगितलं. त्यानंतर प्रत्येक वसंतातल्या लग्नात मी आधीच, सुपारीच्या दिवशीच विचारायला लागले, "फूफा कौन हैं?" शामियाना उभा झाला की पश्चिमेची दोरी त्यांच्या ताब्यात द्यायची, मानानं, हार घालून. आंधी आली नाही तर त्यांनी ती नवरीच्या पाठवणीच्या वेळी सोडायची. आली तर मी इशारा केला की सोडायची. मग कुणी कुणाला विचारत बसायचं कारण नाही. ज्याला विचारायचं तोच दोरीवर. बंथरावाल्यानं हे उचललं, नवाबगंजनं उचललं. नफीस भाईकडे मुसलमानांच्या लग्नातही फूफा असतातच आणि तेही रुसतातच. त्याच्याकडे ही रीत बिनमंत्राची चालली. फक्त कानपूरचा टेंटवाला म्हणाला की ही पद्धत मुळात त्याच्या आजोबांनी काढली. काढू दे.

मधल्या काळात कापड जाऊन लोखंडी सांगाडे आले, पैसेवाले लोक लॉन आणि हॉल घ्यायला लागले. तरी पार्कात, रस्त्यात, गच्चीवर कापड लागतंच. मोबाईलवर आता आंधीचं चित्र हलताना दिसतं, मुलगी ते बघत असते आणि उन्नावचा फोनही येतो. दोन्ही असलेलं चांगलं. आंध्या कमी झालेल्या नाहीत, उलट काही वर्षी फारच वाईट आल्या. पण आमच्या रस्त्यावर शामियान्याखाली माणूस सापडल्याचं दातारांच्या लग्नानंतर मी ऐकलं नाही.

मुलीच्या हातात सगळं देण्याआधी माझ्या हातचं शेवटचं लग्न सरोजिनी नगरातच होतं. दोन्हीकडचे इथलेच, मराठीशी काही संबंध नाही. मी फूफांना हार घालून दोरी दिली. नवरीची आई लगबगीनं आली आणि मलाच रागावली.

"अरे चाची, ऐसे ही दे दी? रस्सी पर हल्दी कौन लगाएगा? अपशगुन करोगी?"

मी म्हटलं, "हल्दी?"

"इतने साल से काम कर रही हो, इतना नहीं पता? हमारे यहाँ तो पुरखों से चला आ रहा है."

मी मुकाट्यानं हळद लावली. वरमाला चालू होती. हवा पडलेली होती. मी खुर्चीवर बसून फोनची वाट बघत होते. फोन वाजला, "चल दी" ऐकलं, उठायला म्हणून गुडघ्यावर हात ठेवले. वय झालं की उठायला वेळ लागतो. तोवर तिकडे फूफांनी एकदा पश्चिमेला बघितलं, दोन्ही हात तोंडाशी नेऊन सगळ्यांना बाहेर निघा म्हणून आरोळी ठोकली, आणि शेवटचा माणूस बाहेर पडल्याची खात्री करून पिवळी दोरी सोडली. मी पुन्हा खाली बसले.